दक्षिण गोलार्धातले उलटे ऋतू : नागपूरहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरात नवतपा तापतो तेव्हा मेलबर्नमध्ये लोक रजई घेऊन झोपतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गोंधळ त्यानंतर सुरू होतो. तिकीट कधीचं काढायचं, आईबाबांना कुठल्या महिन्यात बोलवायचं, मे महिन्यात बर्फ दिसेल का, मॉरिशसला स्वेटर लागेल का. हे प्रश्न इतक्यांदा येतात की उत्तरं एका जागी लिहून ठेवणं बरं. एक गोष्ट आधीच सांगायला हवी: ‘सहा महिने उलटे धरा’ हा हिशोब उन्हाला लागू पडतो, पावसाला नाही. फसलेल्या सहली बऱ्याचदा याच एका समजुतीवर आखलेल्या असतात.

१. ऋतू उलटे होतात म्हणजे नेमकं काय होतं? आणि कुठून पुढे?

पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये दक्षिण. ज्या गोलार्धाचा कल सूर्याकडे, तिथे ऊन सरळ पडतं आणि दिवसही मोठा असतो. दुसरीकडे त्याच वेळी ऊन तिरपं आणि दिवस लहान.

हद्द विषुववृत्ताची. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे विषुववृत्त इथून सरळ दक्षिणेला साधारण २,३५० किलोमीटर. पण ती रेघ ओलांडली की लगेच थंडी वाजायला लागते असं नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना बऱ्याच अंतरापर्यंत वर्षभर उष्णच असतं. थंडी-उन्हाळ्याचा ठळक उलटेपणा २५-३० अंशांच्या पुढे जाणवतो (प्रश्न ५ पाहा).

२. सूर्य जवळ-लांब होतो म्हणून ऋतू बदलतात ना?

नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालून फुटाळ्यावर फिरतो तेव्हाच पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू अंतराने ठरत असते तर दोन्ही गोलार्धांत उन्हाळा एकाच वेळी आला असता. तरीही या अंतराचा एक परिणाम प्रवाशाला जाणवतो, तो प्रश्न ८ मध्ये आहे.

३. कोणत्या महिन्यात तिथे कोणता ऋतू असतो?

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ऋतू महिन्याच्या एक तारखेपासून मोजतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, मार्च ते मे पानगळीचा ऋतू, जून ते ऑगस्ट हिवाळा, सप्टेंबर ते नोव्हेंबर वसंत. लक्षात ठेवायला क्रिकेट पुरे. मेलबर्नची कसोटी दरवर्षी २६ डिसेंबरला सुरू होते आणि लगेच नव्या वर्षात सिडनीची, कारण तो त्यांचा ऐन उन्हाळा. आपल्याकडे जामठ्याला मोठे सामने थंडीत ठेवतात, तिथेही त्याच महिन्यांत खेळतात, फक्त तिथे प्रेक्षक टोप्या घालून बसलेले असतात.

४. मुलांना मे महिन्यातच सुट्टी असते. तेव्हा गेलो तर बर्फ बघायला मिळेल का?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही: मे महिन्यात बर्फाच्या भरवशावर तिकीट काढू नका. मे म्हणजे तिथला पानगळीचा शेवटचा महिना. गारठा असतो, मेलबर्नला कमाल १६-१७ आणि किमान ८-९ अंशांच्या आसपास, पण डोंगरांवरचा बर्फाचा हंगाम अजून सुरू झालेला नसतो. ऑस्ट्रेलियात पेरिशर, थ्रेडबो, माउंट बुलर या ठिकाणी हंगाम जूनच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमाराला उघडतो. खरा भरवशाचा बर्फ जुलै-ऑगस्टचा. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळची कोरोनेट पीक, कार्ड्रोना ही ठिकाणंही जूनच्या मध्यापासून पुढे.

विदर्भातल्यांना मात्र इथे थोडी सवलत आहे. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, साधारणपणे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. बर्फ बघायचाच असेल तर मे सोडा आणि सहल जूनच्या मध्यावर ढकला. तेव्हा तरी निदान शक्यता असते.

आणि मे महिन्यातच जायचं असेल तर बर्फ विसरून पानगळीसाठी जा. मे महिन्याच्या सुरुवातीला व्हिक्टोरिया राज्यातल्या ब्राइट गावात मेपल आणि पॉप्लर लालपिवळे झालेले असतात. न्यूझीलंडमधल्या ॲरोटाउनचा रंग त्याआधी, एप्रिलच्या उत्तरार्धात भरात असतो. ही सगळी झाडं युरोपीय लोकांनी नेऊन लावलेली. ऑस्ट्रेलियाची स्वतःची निलगिरी बारमाही हिरवी, ती पानांऐवजी साल टाकते. आपल्या सागाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात ती पाणी आटल्यामुळे, आणि पळस फुलतो तो उघड्या फांद्यांवर, तापायला लागल्यावर. तिथली पानगळ थंडीच्या चाहुलीने होते. दोन्ही पाहिलेल्या माणसाला हा फरक पटकन कळतो, मुलांना जरूर दाखवा.

५. मॉरिशस, बालीसुद्धा दक्षिण गोलार्धात आहेत. तिथेही स्वेटर न्यायचा का?

बालीला अजिबात नाही. ते विषुववृत्तापासून जेमतेम ८ अंशांवर आहे, तिथे वर्षभर २५ ते ३१ अंशांच्या मध्येच पारा फिरतो. तिथे ऋतू दोनच, कोरडा आणि पावसाचा. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा, म्हणून आपल्या मे महिन्यातल्या लग्नांनंतर मधुचंद्राला बाली सोयीचं पडतं.

मॉरिशस २० अंश दक्षिणेला आहे, म्हणजे नागपूर जितकं उत्तरेला जवळजवळ तितकंच ते दक्षिणेला. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे हवा छान असते, दिवसा २४-२५ अंश, संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला की पातळ जाकीट बरं वाटतं. डिसेंबर ते मार्च उकाडा, दमटपणा आणि चक्रीवादळांची शक्यता. थोडं विषयाबाहेरचं, पण सांगायला हवं: मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. भाद्रपदात गेलात तर तिथल्या सरत्या हिवाळ्यातला गणपती बघायला मिळतो.

६. मग तिथला पावसाळा कधी?

जिथे जाणार त्या गावापुरतं विचारा, देशापुरतं विचारू नका. आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, एवढं पक्कं बसलेलं असतं की तो सहा महिन्यांनी उलटवून डिसेंबर ते मार्च धरला जातो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनला, हे जुळतं. तिथे खरंच मोसमी पाऊस आहे आणि तो त्यांच्या उन्हाळ्यात पडतो. केर्न्सलाही तसंच. पण पर्थ आणि केपटाउनला पाऊस हिवाळ्यात येतो, जून ते ऑगस्ट. म्हणजे नागपुरात आणि केपटाउनला पाऊस एकाच महिन्यांत, फक्त तिथे तो थंडीसकट. त्याच दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गला उलट, तिथे उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस आणि हिवाळा कोरडा ठणठणीत. मेलबर्न, सिडनीला आपल्यासारखा पावसाळाच नाही, तो वर्षभर थोडाथोडा पडत राहतो.

जूनमध्ये ‘दक्षिण आफ्रिका’ एवढंच बघून तिकीट काढलं की केपटाउनला टेबल माउंटन चार दिवस ढगातच राहतो. त्याच आठवड्यात क्रूगरच्या जंगलात लख्ख ऊन असतं.

७. नागपुरात ४५ अंश असताना गरम कपडे कुठून आणायचे? आणि किती?

मे महिन्यात बर्डीवर शोधू नका, दुकानांत सुती कपडे लागलेले असतात. उन्हाळ्यातल्या प्रवासाची खरेदी आधीच्या हिवाळ्यात करा. तिबेटी विक्रेत्यांची दुकानं लागतात तेव्हा, आणि जानेवारीत उरलेला माल स्वस्त होतो तेव्हा तर नक्कीच.

एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा तीन थर न्या: आत अंगाला घट्ट बसणारा थर्मल, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. मेलबर्नला सकाळी ७ अंश, दुपारी उन्हात १६ आणि मध्येच पावसाची सर, हे एका दिवसात होतं. क्वीन्सटाउनला जुलैमध्ये किमान शून्याच्या आसपास किंवा खाली जातं, तिथे हातमोजे आणि कानटोपी हवीच.

आपल्या लोकांना धक्का बसतो तो घरातल्या थंडीचा. तिथली बरीच जुनी घरं ऊब धरत नाहीत, एखाद्याच खोलीत हीटर असतो आणि न्हाणीघराची फरशी सकाळी बर्फासारखी लागते. घरात घालायला लोकरीचे मोजे आणि चपला न्या. आपल्याकडे डिसेंबरात पारा ८-१० पर्यंत उतरतो खरा, पण दहा वाजता गच्चीवर ऊन मिळतं. तिथे ढगाळ आठवडा लागला तर ते मिळत नाही.

आणि हे सगळं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. नागपूरहून निघताना अंगात सुती सदरा आणि हातातल्या पिशवीत जाकीट, म्हणजे उतरल्यावर विमानतळाबाहेर कुडकुडायची वेळ येत नाही.

८. आम्ही नागपूरचे, आम्हाला ऊन काय नवीन? डिसेंबर-जानेवारीत गेलं तर चालेल ना?

जाच, पण नागपूरच्या सवयीवर विसंबू नका. आपल्याकडे ऊन आधी त्रास देतं. ४४ अंशांत माणूस आपोआप दुपट्टा बांधतो, दुपारी दारं लावून कुलर सुरू करतो. तिथे जानेवारीत हवा २४ अंश, समुद्रावरून गार वारा, अंगाला काही कळत नाही आणि अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर गेलेला असतो. पृथ्वी त्या दिवसांत सूर्याच्या जवळ असल्याने जानेवारीतलं ऊन जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त, हवा स्वच्छ, आणि वर ओझोनचा थर तुलनेने पातळ. म्हणून तिथे रोजच्या हवामानाच्या बातमीत हा निर्देशांक सांगतात आणि ३ किंवा त्याहून जास्त असला की अंग झाका, टोपी घाला, क्रीम लावा असा सल्ला असतो. गहूवर्णाला क्रीमची गरज नाही, हा गैरसमज सोडा. डोळ्यांना तर रंगाचा काही उपयोगच नाही, गॉगल हवाच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्याला उत्तरेचा वारा म्हणजे थंडी. मेलबर्नला उत्तरेचा वारा म्हणजे झळा, कारण उत्तरेला वाळवंट आणि दक्षिणेला समुद्र. उत्तरेचा वारा सुटला की ४० च्या वर जातं आणि मग दुपारी-संध्याकाळी दक्षिणेकडून गार वारा शिरला की तासाभरात पारा १५-२० अंशांनी कोसळतो. सकाळी घामाघूम होऊन बाहेर पडलेली मुलं संध्याकाळी काकडत परत येतात. म्हणून ४० अंशांच्या दिवशीसुद्धा पिशवीत एक जाकीट असू द्या.

तिसरी गोष्ट वणव्यांची, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचा पारा ४६.४ वर गेला आणि त्याच दिवशी व्हिक्टोरियात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. २०१९-२० चा उन्हाळाही तसाच भयंकर होता. उन्हाळ्यात शहराबाहेर गाडीने जाणार असाल तर त्या राज्याचं आणीबाणीचं ॲप फोनमध्ये घ्या, व्हिक्टोरियात त्याचं नाव विकइमर्जन्सी. ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर चूल, कोळशाची शेगडी, काहीही पेटवायचं नाही. हुर्डा पार्टीची हौस त्या दिवशी नको.

९. मुलगा तिथे असतो. आम्हा दोघांना कधी जावं?

नागपूरचा उन्हाळा टाळायला एप्रिल ते जून जावं, असं बहुतेक ज्येष्ठांच्या मनात असतं. ब्रिस्बेनला मुलगा असेल तर खुशाल जा, तिथे हिवाळ्यातही दिवसा २१-२२ अंश आणि छान ऊन असतं. मेलबर्न, होबार्ट किंवा न्यूझीलंडचं दक्षिण बेट असेल तर माझं मत वेगळं आहे. पाच वाजता अंधार पडतो, मुलगा-सून कामावर, बाहेर भुरभुर पाऊस, आणि सांधे दुखणारा माणूस दिवसभर घरात अडकतो. उन्हापासून सुटका होते, पण जीव रमत नाही.

अशांनी सप्टेंबरच्या अखेरीला निघावं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला परतावं. तिथला वसंत, दिवस मोठे होत जाणारे, ऑक्टोबरच्या शेवटी सिडनीच्या रस्त्यांवर जकरंडाचा जांभळा सडा. परत आलं की नागपूरची थंडी, म्हणजे वर्षातला सर्वांत चांगला काळ, हातची जात नाही. दिवाळीही मुलासोबत होते. मात्र कोणाला दमा असेल तर प्रश्न १३ आधी वाचा.

१०. मुलीला तिथे शिकायला प्रवेश मिळाला. फेब्रुवारीत पाठवू की जुलैत?

अभ्यासक्रमाने निवड दिली असेल आणि बाकी सगळं सारखं असेल तर फेब्रुवारी. तो उन्हाळ्याचा शेवट असतो, दिवस मोठे, घर शोधणं, बसचे मार्ग कळणं सोपं जातं, आणि थंडीची सवय हळूहळू होते. जुलैत जाणारी मुलं इथल्या पावसातून थेट हिवाळ्यात उतरतात. कपड्यांसाठी प्रश्न ७.

११. दिवस किती लहान-मोठा असतो? आणि घड्याळ बदलतात म्हणजे काय?

नागपुरात सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा आणि सर्वांत लहान सुमारे १० तास ५० मिनिटांचा. फरक अडीच तासांचा, म्हणून आपल्याला तो फारसा जाणवत नाही. मेलबर्नला डिसेंबरात पावणेपंधरा तास उजेड आणि जूनमध्ये साडेनऊ तास. अर्जेंटिनातल्या उशुआयाला, जिथून अंटार्क्टिकाच्या बोटी सुटतात, डिसेंबरात सतरा तासांहून जास्त.

घड्याळ: सिडनी, मेलबर्न, ॲडलेड, होबार्टला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते एक तास पुढे करतात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. त्यामुळे मेलबर्न आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेपाच. ब्रिस्बेन, पर्थ, डार्विन मात्र घड्याळाला हात लावत नाहीत. न्यूझीलंडमध्ये बदल आठवडाभर आधी, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दक्षिण आफ्रिकेत तो होतच नाही. या दोन रविवारांच्या आसपास विमान बदलायचं असेल तर वेळ पुन्हा तपासा.

१२. आंबा-संत्री तिथे कधी मिळतात? घरची नेता येतील का?

तिथला आंबा ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा, म्हणजे दिवाळीच्या फराळाबरोबर आमरस. संत्री त्यांच्या हिवाळ्यात, जून ते ऑक्टोबरच्या सुमाराला. आपली नेण्याचा विचार सोडा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ताजी फळं, बिया, रोपं यांबाबत नियम फार कडक आहेत. खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते, लपवली तर मोठा दंड. संत्र्याची बर्फी बांधून घेतलीत तर तीही अर्जावर लिहा, दुधाच्या पदार्थांवरही निर्बंध आहेत.

१३. फ्लूची लस इथे घेतली आहे, तिथे चालेल का? आणि दम्याचं काय?

तिथे फ्लूचा हंगाम त्यांच्या हिवाळ्यात असतो. जागतिक आरोग्य संघटना दोन गोलार्धांसाठी लशीच्या घटकांची शिफारस वेगवेगळी करते, उत्तरेसाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. कधी दोन्ही सारख्या निघतात, कधी नाही. मे ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्या ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांना ‘दक्षिण गोलार्धाची लस’ असं स्पष्ट विचारावं आणि निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबरात मेलबर्नला जपून राहावं. त्या काळात गवताचे परागकण हवेत भरलेले असतात आणि गडगडाटी वादळात ते फुटून बारीक कण फुप्फुसात खोल जातात. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी अशाच वादळानंतर हजारो लोक श्वास लागून इस्पितळात गेले आणि दहा जण दगावले. कित्येकांना त्याआधी दम्याचं निदानही झालेलं नव्हतं. इनहेलर सामानात नको, खिशात हवा. वादळाचा इशारा असेल तेव्हा खिडक्या लावून घरात थांबा.

१४. ताडोबासारखी आफ्रिकेची सफारीही उन्हाळ्यात करायची का?

क्रूगरला जायचं तर त्यांच्या हिवाळ्यात, मे ते सप्टेंबर. कारण तेच जे ताडोब्याचं: पाणवठे आटतात, गवत विरळ होतं, प्राणी दिसतात. आपल्याकडे कोरडेपणाचा शेवट कडक उन्हात येतो, तिथे सरत्या थंडीत. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये ताडोब्याला मे महिन्यात गारवा सुखाचा वाटतो, क्रूगरला जुलैत दात वाजतात. जाड जाकीट न्या. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात बंद असतो, त्यामुळे दोन्हीचे हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत.

१५. तिथे सूर्य उत्तरेला असतो हे खरं का? मग घर कोणत्या तोंडाचं घ्यायचं?

उगवतो पूर्वेलाच आणि मावळतो पश्चिमेलाच, पण दुपारी तो उत्तरेच्या बाजूने जातो. सिडनी-मेलबर्नला घराच्या जाहिरातीत ‘उत्तराभिमुख’ असं मुद्दाम लिहितात, कारण हिवाळ्यातलं ऊन त्याच खोल्यांत येतं. सौर पॅनेलही उत्तरेकडे तोंड करून लावतात. भाड्याने घेताना दक्षिणेकडच्या खिडक्यांची खोली हिवाळ्यात अंधारी आणि ओलसर राहते, हे ध्यानात ठेवा.

आता अपवाद. उत्तरेचा सूर्य बघायला ऑस्ट्रेलियाला जावंच लागतं असं नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथेही भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. ज्या दोन दिवशी तो बरोबर डोक्यावर येतो, ते आपले शून्य सावलीचे दिवस. तसंच मॉरिशसला डिसेंबरच्या आगेमागे काही आठवडे दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो.

१६. रात्री आकाश ओळखूच येत नाही म्हणतात, खरं का?

ध्रुवतारा दिसत नाही. नागपुरात तो क्षितिजापासून २१ अंशांवर असतो, विषुववृत्ताखाली गेलं की क्षितिजाआड. मृग नक्षत्र उलटं दिसतं आणि चंद्रही. शुक्ल पक्षातली कोर डाव्या बाजूने उजळलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दक्षिणेला अगदी खाली, धुळीत हरवलेला त्रिशंकू तिथे उंचावर स्वच्छ दिसतो. अगस्त्यही डोक्याजवळ येतो.

१७. बेसिनमधलं पाणी तिथे उलटं फिरतं ना?

नाही. पाणी फिरतं ते भांड्याच्या आकारावर. चक्रीवादळं मात्र खरोखर उलटी फिरतात, आपली घड्याळाच्या विरुद्ध आणि तिथली घड्याळाप्रमाणे.

१८. जूनच्या सुरुवातीला परत येतो आहोत. थंडीतून थेट नागपूरच्या उन्हात काही होणार नाही ना?

होऊ शकतं, आणि जाताना जेवढी तयारी करतात तेवढी परत येताना कोणी करत नाही. उष्णतेला सरावलेलं शरीर काही आठवड्यांच्या थंडीत तो सराव गमावतं. तो परत यायला एक ते दोन आठवडे लागतात. जन्मभर नागपुरात राहिलेल्यांनाही पहिल्या आठवड्यात ऊन लागू शकतं. त्या आठवड्यात बारा ते चार घरात राहा, तहान नसली तरी पाणी, ताक, कैरीचं पन्हं घेत राहा. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारा. घाम थांबला, भान हरपायला लागलं, अंग तापलं तर अंगावर पाणी मारत ताबडतोब दवाखाना गाठा.

१९. संक्रांतीनंतर तिथेही दिवस मोठा होतो का? सणांचं काय करायचं?

होत नाही, तिथे तो लहान होत असतो. खरं तर सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांतीची तारीख शतकानुशतकं सरकत आता १४-१५ जानेवारीवर आली आहे. उत्तरायण म्हणजे सूर्याचं उत्तरेला सरकणं, ते तिथेही तेच, पण त्यांच्यापासून तो दूर जातो. तीळगूळ ऐन उन्हाळ्यात, होळी थंडी येण्याच्या तोंडावर, वटपौर्णिमा कडाक्याच्या गारठ्यात, असा सगळा क्रम होतो. तिथली मराठी मंडळं सण तिथीप्रमाणेच करतात आणि ते योग्यच आहे. मात्र सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय पाळायचे असतील तर नागपूरचं पंचांग उपयोगाचं नाही, त्या शहराच्या वेळा घ्या. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ नागपूरहून फोनवर विचारली तर ती चुकीचीच निघेल, कारण फरक नुसत्या घड्याळाचा नाही, अक्षांशाचाही आहे.